बीए सेट उतरवल्यानंतर

१९९४ ते २००४ या अकरा वर्षांत अमेरिकेत कामावर असताना १,१४४ अग्निशमन जवान मरण पावले. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका सकाळी गेलेले ३४३ जण या हिशेबात धरलेले नाहीत. या १,१४४ पैकी जळून, धुराने गुदमरून किंवा छत अंगावर येऊन किती गेले असतील, असे कुणालाही विचारा. उत्तर निम्म्याच्या पुढेच येईल. प्रत्यक्षात सर्वांत मोठा गट निघाला तो हृदयविकाराचा: ४४९ मृत्यू, म्हणजे ३९ टक्के. हार्वर्डमधल्या संशोधकांची ही मोजदाद २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. जवानाच्या अंगावर कोणती यंत्रे चढवावीत, या चर्चेत ती आजही सगळ्यांत आधी टेबलावर ठेवावी असे मला वाटते.

त्या ४४९ जणांचे हृदय नेमके कोणते काम चालू असताना दगा देऊन गेले, हेही संशोधकांनी पाहिले. टक्क्यांची माणसे केली तर हिशेब असा लागतो: आग विझवताना १४४, वर्दीवर, म्हणजे आगीच्या बोलावण्यावर, जाताना ६०, वर्दीवरून परतताना ७८, व्यायाम आणि कवायतीत ५६, आगीखेरीज इतर तातडीच्या कामात ४२ आणि स्टेशनातल्या रोजच्या बिनघाईच्या कामात ६९. आग विझवण्यात जवानाचा जेमतेम १ ते ५ टक्के वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात ३२ टक्के हृदयमृत्यू होतात. स्टेशनातल्या कामाशी तुलना केली तर आग विझवतानाचा धोका १२ ते १३६ पट भरतो. ‘१२ ते १३६’ हा पसारा पाहून वाचक भुवया उंचावेल, पण त्याचे कारण साधे आहे. प्रत्येक दलात आगीवर जाणारा वेळ वेगळा. तो जितका कमी धरावा तितका धोक्याचा गुणाकार वाढतो. सर्वांत सावध आकडा घेतला तरी तो १२ पट आहे.

जाताना ६० आणि परतताना ७८, हे दोन आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा छपाईची चूक वाटली होती. चूक नव्हती. त्यांच्याकडे पुढे येतोच. आधी आज जवानाच्या अंगावर काय काय असते ते पाहू, कारण त्यातले बहुतेक सगळे उरलेल्या ६१ टक्क्यांसाठी घडवलेले आहे.

सर्वांत जुने आणि सर्वांत यशस्वी यंत्र म्हणजे ‘पास’ अलार्म. पूर्वी तो पट्ट्याला अडकवायची वेगळी डबी होती. आता बहुधा बीए सेटमध्येच, म्हणजे पाठीवरच्या श्वसनसंचातच, बसवलेला असतो. अमेरिकेत त्याचे मानक १९८३ पासून आहे. काम एकच: जवान हलतोय की नाही ते पाहणे. सुमारे ३० सेकंद हालचाल झाली नाही की तो ठणाणा करू लागतो, ३ मीटरवर किमान ९५ डेसिबल. त्याआधी काही सेकंद हळू आवाजात इशारा मिळतो, म्हणजे जवान ठीक असेल तर अंग झटकून तो बंद करू शकतो. होज धरून स्वस्थ उभ्या असलेल्या माणसाने मधूनच कंबर हलवली तर ती करमणूक नव्हे, यंत्राला दिलेली हजेरी आहे. न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांचा ढिगारा पडल्यानंतरच्या चित्रफितींत जी एकसुरी किणकिण ऐकू येते, ती याच यंत्रांची.

या यंत्राचीही परीक्षा आगीनेच घेतली. २००१ ते २००४ दरम्यान चार जवानांच्या मृत्यूंच्या चौकशीत असे दिसले की ‘पास’ एकतर ऐकू आला नव्हता किंवा अगदी क्षीण वाजत होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, ‘निस्ट’ने, प्रयोगशाळेत ही यंत्रे तापवून पाहिली. सुमारे १५० अंश सेल्सिअसच्या आसपासच काहींचा आवाज ढासळू लागला. म्हणजे ज्या खोलीत जवान बेशुद्ध पडण्याची शक्यता जास्त, तिथेच त्याचा भोंगा बसत होता. २००७ च्या मानकात मग २६० अंशांत ५ मिनिटे टिकण्याची अट आली. अंगावर घालायच्या यंत्रांच्या जाहिराती वाचताना मी ‘२६० अंश, ५ मिनिटे’ हे शब्द आधी शोधतो. ते नसतील तर ते यंत्र व्यायामशाळेतले आहे, असे समजावे.

२६० हा आकडाही हवेतून आलेला नाही. निस्टने आगीच्या कामाचे उष्णतेनुसार वर्ग पाडले आहेत: १०० अंशांपर्यंत २५ मिनिटे, १६० अंशांपर्यंत १५ मिनिटे, २६० अंशांपर्यंत ५ मिनिटे, आणि त्यापुढे एक मिनिटाहूनही कमी. शेवटचा वर्ग कामाचा नाही, पळ काढण्याचा आहे. दुसरीकडे माणसाची कातडी ४४ अंशांना दुखू लागते, ५५ ला फोड येतात आणि ७२ ला ती जागच्या जागी मरते. जवानाच्या कोटाच्या बाहेर २६० आणि आत ५५ च्या खाली, एवढी दरी तीन थरांच्या कापडाने सांभाळायची असते.

कापड ती किती वेळ सांभाळते? खोलीतला सगळा धूर आणि वायू एकदम पेटून खोलीभर ज्वाळा होतात, त्या अवस्थेची नक्कल करून कोटाची चाचणी घेतात: दर चौरस मीटरला ८४ किलोवॉट उष्णता. अमेरिकी मानकाची किमान अट पाळणाऱ्या कोटाखाली दुसऱ्या दर्जाची भाजणी व्हायला अंदाजे १७.५ सेकंद लागतात. साडेसतरा सेकंद म्हणजे दार कुठे आहे ते आठवण्याइतका वेळ. बरे, खोली तिथवर पोहोचायला पूर्वीइतका अवधीही राहिलेला नाही. अमेरिकेतल्या ‘यूएल’ या चाचणी संस्थेने दोन दिवाणखाने जाळून पाहिले. जुन्या पद्धतीच्या लाकूड-कापसाच्या सामानाची खोली पूर्ण पेटायला २९ मिनिटे २५ सेकंद लागले. फोमच्या गाद्या आणि कृत्रिम धाग्यांच्या सामानाची खोली ३ मिनिटे ४० सेकंदांत पेटली.

पूर्वीचे जवान उष्णता कानांनी मोजत. कानाच्या पाळ्या चटचटू लागल्या की मागे फिरायचे. आता डोक्यावरून मानेपर्यंत कापडी टोपडे येते, कान झाकले जातात, भाजणे वाचते. पण तो जुना मापकही गेला. चांगला कोट जवानाला आगीत जास्त आतवर नेतो, आणि आपण किती आत आलो हे त्याला कळू देत नाही. म्हणून कोटाच्या बाहेरच्या थरात तापमान मोजणारा संवेदक आणि आत इशारा देणारे यंत्र ही जोडी मला चैनीची वाटत नाही. कोटाने जी संवेदना काढून घेतली ती परत देण्याचे ते काम आहे. गाडे अडते ते बॅटरीशी. लिथियम बॅटरीला ६० अंशांच्या पुढे काम करणे मानवत नाही. तेव्हा संवेदक बाहेर, बॅटरी आत, मध्ये वायर. आणि ती वायर शंभर धुण्यांत टिकायला हवी. कापडात विणलेली यंत्रे प्रदर्शनात छान दिसतात आणि धुलाईत मरतात.

आता हवेचा हिशेब. ३०० बारपर्यंत भरलेले ६.८ लिटरचे नळकांडे जवानाच्या पाठीवर असते. गुणाकार केला तर २,०४० लिटर हवा येते; इतक्या दाबाला हवा गुणाकारापेक्षा थोडी कमीच मावते, म्हणून १,८५० लिटर धरू. कागदावर मिनिटाला ४० लिटर श्वास धरतात आणि संच ‘४५ मिनिटांचा’ म्हणून ओळखला जातो. पण जिन्याने भरलेला होज ओढत नेणारा माणूस ४० लिटरवर भागवत नाही. त्याला ८० लिटर लागतात असे धरले तर ४५ ची २३ मिनिटे होतात. युरोपीय मानकाप्रमाणे दाब ५५ बारच्या आसपास आला की शिटी वाजते. तेव्हा उरलेली असते सुमारे ३७० लिटर हवा, म्हणजे त्याच दमाने पावणेपाच मिनिटे. शिटी वाजेल अठराव्या मिनिटाला, आणि आत जायला दहा मिनिटे लागली असतील तर परतायला पावणेपाच पुरणार नाहीत. अमेरिकेने २०१३ मध्ये हा इशारा पाव भागावरून तेहतीस टक्क्यांवर आणला. आपल्या उदाहरणात ५५ बारऐवजी तेहतीस टक्क्यांवर शिटी वाजली तर सुमारे तीन मिनिटे वाढतात. ही तीन मिनिटे कोणत्याही नव्या यंत्राने दिलेली नाहीत. एक झडप थोडी लवकर वाजवायची ठरवली, इतकेच.

टेलिमेट्रीने काय भर घातली? आत कोणाच्या नळकांड्यात किती दाब आहे, तो कोणत्या वेगाने उतरतो आहे आणि परतीला पुरेल का, हे बाहेरच्या अधिकाऱ्याला पडद्यावर दिसते. माझ्या मते गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली ही सर्वांत उपयोगी भर आहे, कारण आतला जवान कामात गढलेला असतो आणि घड्याळ बाहेरच्याच्या हातात असलेले बरे. पण ही कल्पना पडद्यापेक्षा जुनी आहे. २३ जानेवारी १९५८ ला लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजाराच्या तळघरात, शीतगृहांच्या भुलभुलैयात, दोन जवान हवा संपून गेले. त्यानंतर ब्रिटनमध्ये शिस्त लागली: आत जाणाऱ्याने आपला बिल्ला दारावरच्या माणसाकडे द्यायचा, त्यावर नाव आणि नळकांड्याचा दाब, फळ्यावर आत गेल्याची वेळ आणि शिटी वाजण्याची अपेक्षित वेळ. खडू, फळा आणि घड्याळ. आजची टेलिमेट्री म्हणजे त्याच फळ्याला जोडलेली तार.

शीतगृहाने दुसरा धडाही दिला. ३ डिसेंबर १९९९ ला अमेरिकेतल्या वूस्टर शहरात एका जुन्या, जवळजवळ खिडक्याच नसलेल्या शीतगोदामाला आग लागली. आत बेघर माणसे असतील म्हणून दोघे शोधायला गेले आणि धुरात वाट चुकले. त्यांना शोधायला गेलेले आणखी चौघे परतले नाहीत. सहा जण गेले, आणि ज्यांच्यासाठी पहिले दोघे आत शिरले होते ती माणसे आधीच बाहेर पडली होती. त्याच शहरातल्या तंत्रविद्यापीठाने मग ‘इमारतीच्या आत माणूस नेमका कुठे आहे’ या प्रश्नावर वर्षानुवर्षे काम केले.

प्रश्न ऐकायला सोपा आहे. आपल्या फोनला आपण कुठे आहोत ते कळते, मग जवानाला का नाही? उपग्रहाचा क्षीण संदेश स्लॅब आणि भिंतींतून आत पोहोचत नाही, म्हणून. मग बुटात वेग आणि दिशा मोजणारे संवेदक बसवून पावलांवरून हिशेब करायचा; पण त्यात पावलापावलाला थोडी चूक साठत जाते, आणि रांगणाऱ्या, सरपटणाऱ्या माणसाचे पाऊल धरायचे तरी कोणते? मजला ओळखायला हवेचा दाब वापरतात. एक मीटर वर गेले की दाब सुमारे १२ पास्कलने उतरतो, म्हणजे ३ मीटरच्या एका मजल्याला ३६. एवढ्या फरकावर मजला ठरवायचा, आणि त्याच वेळी धूर हटवायला लावलेला मोठा पंखा जिन्यातला दाब बदलतो आहे! चौथ्याऐवजी पाचव्या मजल्यावर शोध सुरू झाला तर वूस्टरचीच पुनरावृत्ती व्हायची. नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेने अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यासाठी ‘पॉइंटर’ नावाचा वेगळा मार्ग काढला: रेडिओलहरींऐवजी अतिशय कमी वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र, जे काँक्रीटला जुमानत नाही. चाचण्यांत त्याने सुमारे ७० मीटरपर्यंत माणूस हुडकला. सत्तर मीटर दुमजली घराला भरपूर झाले. परळच्या चाळीस मजली मनोऱ्याला नाही.

इथे एक अस्वस्थ करणारा आकडा. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या अखेरीस दर एक लाख इमारत-आगींमागे आत आघाती कारणांनी, म्हणजे हृदयविकार वगळता, १.८ जवान मरत. १९९०च्या दशकाच्या अखेरीस हा दर ३ च्या घरात गेला. मधल्या काळात ‘पास’ आले, कोट सुधारले, बीए सेट हलके झाले. एकूण मृत्यू घटले ते मुख्यतः आगीच कमी झाल्या म्हणून. आत शिरलेल्या माणसाचा धोका मात्र वाढला. सामान जलद पेटू लागले हे एक कारण. दुसरे असे की चांगले चिलखत अंगावर आले की माणूस जास्त खोल जातो. यंत्र विकणारा हा तक्ता दाखवत नाही.

आता पुन्हा हृदयाकडे. जवानाच्या अंगावर कोट, बूट, शिरस्त्राण आणि बीए सेट मिळून वीस ते पंचवीस किलो असतात. कष्टाचे काम करणारे शरीर सुमारे ५०० वॉट उष्णता निर्माण करते असे धरू. वीस मिनिटांत झाली ६०० किलोज्यूल. ८० किलोचे शरीर एक अंशाने तापायला सुमारे २८० किलोज्यूल लागतात. उष्णता बाहेर पडलीच नाही तर अंग वीस मिनिटांत दोन अंशांहून अधिक तापेल. घाम सुकला तर ती पडते. एक लिटर घाम सुकताना २,४०० किलोज्यूल घेऊन जातो. पण पाणी आत येऊ न देणाऱ्या कोटातून घामही नीट बाहेर जात नाही. मे महिन्यातल्या मुंबईत तर कोट काढल्यावरही घाम सुकत नाही, फक्त ओघळतो. ओघळलेल्या घामाने शरीर थंड होत नाही, कोरडे मात्र पडते.

स्कॉटलंडमध्ये १९ निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या जवानांवर झालेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरावाच्या आगीत त्यांना थोडा वेळ काम करायला लावले. शरीराचे आतले तापमान सरासरी एक अंशाने वाढले, वजन अर्ध्या किलोच्या आसपास घटले, आणि रक्ताची गुठळी धरण्याची प्रवृत्ती दोन-तृतीयांशाहून अधिक वाढली. हे सगळे तरुण, तपासून घेतलेले, धडधाकट लोक होते. हृदयाच्या धमनीत आधीच मेद साठलेल्या पन्नाशीच्या माणसाचे काय होत असेल? अमेरिकेत हृदयाने गेलेल्या जवानांच्या शवविच्छेदनांत दहापैकी आठ जणांची हृदयधमनी रोगट आणि हृदय वाढलेले आढळले.

आग विझते, माणूस गाडीत बसतो, आणि तरी त्याचे रक्त घट्ट आणि अंग तापलेलेच असते. परतीच्या वाटेवरच्या त्या ७८ मृत्यूंचा उलगडा इथे होतो. धोका आगीजवळ सुरू होतो पण आगीजवळ संपत नाही.

मग छातीला पट्टा बांधून हृदयाचे ठोके मोजले की काम झाले? काही अंशी. मनगटावरचे घड्याळ प्रकाश टाकून ठोके मोजते. हातमोजा, घाम आणि हाताची झटापट यांत ते चुकते. छातीवरचा पट्टा विजेचे संदेश वाचतो, तो बरा. पण ठोके वाढणे हे आगीत दुखण्याचे लक्षण नसून कामाचे लक्षण आहे. २२० वजा वय या ढोबळ नियमाने ४५ वर्षांच्या जवानाची कमाल १७५ धरली आणि तिथे भोंगा लावला, तर जिना चढणारा अर्धा चमू वाजू लागेल. शरीराचे आतले तापमान जाणून घ्यायला गिळायची गोळी असते. संशोधनाला ठीक, पण वर्दी आल्यावर गोळी कोण गिळणार? अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी ठोक्यांच्या चढउतारावरून आतले तापमान ताडण्याची गणिती रीत काढली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. सरासरी ती जवळजवळ बिनचूक आहे. एकेका माणसाच्या बाबतीत मात्र उणे-अधिक ०.६३ अंशाने चुकू शकते. मोजायची वाढ एक अंशाची आणि चूक ०.६३ ची. चमूचा कल कळतो, माणसाचा निवाडा होत नाही.

इथेच खोट्या गजरांचा प्रश्न येतो, आणि तो साध्या त्रैराशिकाने कळतो. धरून चालू की एखाद्या दलात जवान १,००० वेळा आत गेले आणि त्यातले दोनच प्रसंग खरोखर जिवावरचे होते. यंत्र ९५ टक्के अचूक आहे, हेही धरू. ते दोन खरे प्रसंग बहुधा पकडेल. पण उरलेल्या ९९८ पैकी सुमारे ५० वेळा उगाच वाजेल. ५२ गजरांत २ खरे. तिसऱ्या महिन्यात अधिकारी पडद्याकडे पाहणे सोडेल आणि सहाव्या महिन्यात जवान पट्टा लॉकरमध्ये ठेवतील. ‘९५ टक्के अचूक’ हे शब्द ऐकून भुलू नये. विचारायचे ते हे की दर खऱ्या गजरामागे खोटे किती.

शिवाय पट्ट्याला धमनीतला मेद दिसत नाही. तो दिसतो वार्षिक तपासणीत. अमेरिकेत जवानाची दमछाक-क्षमता १२ मेट, म्हणजे मिनिटाला दर किलो वजनामागे ४२ मिलिलिटर प्राणवायू वापरण्याइतकी असावी, असे मानतात. ट्रेडमिलवर हे तपासायला लागणारा खर्च शंभर पट्ट्यांच्या करारासमोर किरकोळ आहे. पण तपासणीची निविदा निघत नाही, पट्ट्यांची निघते. आणि तपासणी असो वा पट्टा, त्यातला आकडा जवानाच्या बढतीविरुद्ध किंवा नोकरीविरुद्ध वापरला जाणार असेल, तर तो आकडा चांगला दिसेल याची सोय जवान करून ठेवतील. त्यांच्या जागी आपणही तेच करू. आकडे वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, प्रशासनाकडे नव्हे, ही अट करारात पहिल्या पानावर हवी.

आणखी एक वस्तू सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात बॅटरीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाचा व्यवसायच माणसाला कर्करोग देणाऱ्या पहिल्या गटात टाकला. त्याआधी तो ‘शक्यता आहे’ म्हणणाऱ्या गटात होता. कोणाच्या अंगावर नेमकी कोणती रसायने येतात हे पाहायला अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी परिसरात ५६ जवानांच्या गळ्यात सिलिकॉनचे साधे बिल्ले घातले. सिलिकॉन रसायने शोषून घेते. बिल्ला नंतर प्रयोगशाळेत पिळून पाहायचा. १३४ रसायने सापडली, त्यातली ७१ अग्निशमनाच्या संदर्भात आधी नोंदलीच गेली नव्हती. हा बिल्ला आज कोणाला वाचवत नाही, वाजत नाही, चमकत नाही. वीस वर्षांनी होणारा रोग आज मोजतो.

आपल्याकडे अग्निशमन सेवा दिन १४ एप्रिलला पाळतात, कारण १९४४ मध्ये त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटले आणि आग विझवायला गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासची आग विझवताना इमारत कोसळली. दोन अधिकारी ढिगाऱ्याखाली गेले, गंभीर भाजलेले आणखी दोघे पुढच्या दिवसांत गेले, त्यात दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर होते. अंगावरच्या कोणत्याही यंत्राने ती इमारत कोसळायची थांबली नसती. लाकडी सांगाड्याच्या जुन्या इमारतीत किती वेळ आत राहायचे हा निर्णय बाहेरून, घड्याळ पाहून घ्यायचा असतो. यंत्र त्या निर्णयाला फार तर माहिती पुरवते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात आगीच्या दुर्घटनांत ७,४३५ माणसे मेली. केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन दलांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. बहुतेक राज्यांनी २५ टक्के वाटा उचलायचा. या पैशाने गाड्या येतील, शिड्या येतील, आणि विक्रेते मुखवट्यातच उष्णताचित्र दाखवणारे कॅमेरे घेऊनही येतील. ते कॅमेरे वाईट नाहीत. धुरात दार शोधायला त्यांच्यासारखे दुसरे काही नाही. पण जिथे दोन जवानांमागे एकच बीए सेट असेल, तिथे कॅमेरा घेणे म्हणजे छप्पर गळत असताना झुंबर टांगणे. माझा क्रम विचाराल तर: प्रत्येकाला बीए सेट, त्यातच ‘पास’, दारावर फळा आणि तो सांभाळणारा माणूस, वर्षाला एकदा हृदयाची तपासणी, मग हवेची टेलिमेट्री, मग छातीचा पट्टा, आणि स्थान शोधणारे यंत्र उंच इमारतींच्या शहरांत, ते तिथल्याच इमारतीत आजमावून.

विश्रांतीही याच यादीत घालायला हवी. अमेरिकी पद्धतीत तीस मिनिटांची दोन नळकांडी संपली की किमान २० मिनिटे बाहेर बसवतात, कोट उतरवतात, पाणी पाजतात, कोपरापर्यंत हात थंड पाण्यात बुडवायला लावतात. हातांतून रक्त थंड होऊन परतते आणि अंगाचे तापमान उतरते. खर्च दोन बादल्यांचा. मुंबईच्या, नागपूरच्या, चंद्रपूरच्या उन्हाळ्यात या बादल्या गाडीवर का नसाव्यात?

आणि छातीच्या पट्ट्याची निविदा निघालीच तर तीत एक कलम मी आग्रहाने घालायला लावीन. बाजारातल्या बऱ्याच यंत्रणांत सगळे काही बीए सेटला जोडलेले असते. सेट पाठीवर चढला की नोंद सुरू, उतरवला की बंद. म्हणजे विझलेली जागा पाण्याने थंड करण्याचे काम चालू असताना, होज गुंडाळताना, चहा घेताना आणि गाडीतून परतताना पडदा काळा. ४४९ पैकी ७८ जण त्या काळ्या पडद्यामागे गेले, आणखी ६० जण तो उजळण्याआधी, वर्दीवर निघालेल्या गाडीत. तेव्हा कलम असे: पट्टा बीए सेटपासून स्वतंत्र चालावा, वर्दीची घंटा झाल्यापासून सुरू व्हावा, जवान स्टेशनात परतून, पाणी पिऊन, ठोके स्वतःच्या नेहमीच्या पातळीवर येईपर्यंत चालू राहावा, आणि तोवर पडद्यासमोर एक माणूस बसलेला असावा, ज्याला “याला रुग्णालयात न्या” असे म्हणण्याचा अधिकार असेल.